शीटवर न आलेलं घर

या लेखाला ‘समकालीन दृश्यकला : समाज आणि संशोधन’ असं भारदस्त शीर्षक द्यायचं माझ्या मनात होतं. पण तसं दिलं असतं तर तुम्ही पान उलटून थेट चारोळ्या आणि फिशपॉन्डकडे गेला असता, हे हॉस्टेलच्या तीन वर्षांच्या अनुभवावरून मला नक्की माहीत आहे. म्हणून सुरुवात एका आजीपासून करतो.

आमच्या सर्व्हे कॅम्पला ग्रुपच्या वाट्याला मनमाडच्या पुढची एक माळरानाची जागा आली होती. मी मनमाडचाच, त्यामुळे ग्रुपमध्ये माझी पत एकदम वाढली. चहा कुठे चांगला मिळतो इथपासून ऊन किती वाजता डोक्यावर येतं इथपर्यंत सगळे प्रश्न मलाच. काम ठरलेलं होतं. एका ओढ्यावर पाझर तलाव बांधायचा आहे असं समजायचं, कंटूर काढायचे, बांधाची जागा ठरवायची आणि पाणी किती साठेल त्याचा हिशेब मांडायचा. तलाव खरा नव्हताच. निव्वळ सबमिशनचा होता.

ओढ्याच्या काठी आठ-दहा घरांची वस्ती होती. टोटल स्टेशन लावून आम्ही प्रत्येक घराचे कोपरे घेतले आणि त्यांना नंबर दिले : एस-१, एस-२, एस-३... ‘एस’ म्हणजे स्ट्रक्चर. एस-७ मध्ये एक आजी राहायच्या. रोज दुपारी त्या आम्हाला पाण्याचा तांब्या आणून द्यायच्या. आमच्या भागात परक्या माणसापुढे पाण्याचा तांब्या धरणं म्हणजे काय, हे उन्हाळ्यात ज्याने नळाची वाट पाहिली आहे त्यालाच कळेल.

शेवटच्या दिवशी प्लॉट केलेली शीट आजींनी बघायला मागितली. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्यात माझं घर कुठंय?”

मी एका छोट्या चौकोनावर बोट ठेवलं.

“आन् ही निळी रेघ?”

“पाण्याची पातळी, आजी. तळं भरलं की पाणी इथपर्यंत येणार.”

चौकोन रेघेच्या आत होता. आजी गप्प झाल्या. माझ्या लक्षात आल्यावर मी घाईघाईने म्हणालो, “आजी, खरं नाही हो काही! आमचा नुसता अभ्यास आहे.”

“अभ्यासच आधी व्हतो, बाबा,” आजी म्हणाल्या. “तळं मागून येतं.”

व्हायवाला एक्स्टर्नलनी कंटूर इंटरव्हल विचारला, साठ्याचं गणित विचारलं. सगळं बरोबर आलं. आजींनी विचारलेलं मात्र कोणीच विचारलं नाही, आणि ते शीटवर कुठेच नव्हतं. पुढे काही महिने ते वाक्य डोक्यात राहिलं. योगायोगाने त्याच सुमारास लायब्ररीत काही चित्रकारांची कामं पाहण्यात आली आणि मला वाटलं, आजींचाच प्रश्न ही मंडळी वेगळ्या भाषेत विचारताहेत. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

‘समकालीन’ म्हणजे नेमकं काय?

आपल्यापैकी बहुतेकांची चित्रकला एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांपाशी संपते. वस्तुचित्रात तांब्या आणि दोन वांगी, स्मरणचित्रात बाजार नाहीतर बसस्टॉप. मला इंटरमिजिएटला ‘सी’ ग्रेड होती, त्यामुळे माझ्याकडून मोठ्या कलासमीक्षेची अपेक्षा कृपया ठेवू नये.

पहिली अडचण शब्दाचीच. आज जे जे काढलं जातं ते समकालीन, असा सरळ अर्थ घेतला तर कॅलेंडरवरचा गणपतीही समकालीनच. कलेच्या जगात मात्र हा शब्द थोडा वेगळ्या अर्थाने वापरतात. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे अशा सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यांचं मुख्य भांडण होतं ते चित्र काढण्याच्या रीतीशी. रंग कसा लावायचा, आकार कसा मोडायचा, इंग्रजांनी शिकवलेल्या वळणातून बाहेर कसं पडायचं. या पिढीच्या कामाला साधारणपणे आधुनिक कला म्हणतात.

साधारण १९८० नंतर, आणि १९९० च्या दशकात जास्तच, प्रश्न बदलत गेला. ‘कसं काढायचं’ याच्या जोडीला ‘कशाबद्दल, कोणासाठी आणि कशाने’ हे प्रश्न आले. मग रंग आणि कॅनव्हास पुरेनात. व्हिडिओ आला, फोटो आले, खोलीभर वस्तू मांडून केलेलं मांडणशिल्प आलं, कधी कलाकाराने स्वतः केलेली एखादी कृती हीच कलाकृती ठरली. अशा कामापुढे उभं राहून ‘हे छान दिसतंय का?’ एवढंच विचारलं की आपली फसगत होते. ‘हे कशाकडे बोट दाखवतंय?’ असं विचारलं की निदान दार किलकिलं होतं.

मनमाडची मालगाडी आणि सास्ती गाव

जंक्शनवर वाढलेल्या पोराला मालगाडीचे डबे मोजायची सवय असते. मनमाडला मुंबई-भुसावळ लाईन आहे, दौंडकडे जाणारी लाईन आहे, आणि १९०० साली सुरू झालेली, तेव्हा मीटर गेज असलेली निजामाच्या मुलखातली लाईनही इथूनच निघते. कोळशाची गाडी लांबूनच ओळखू यायची. उघड्या वाघिणी आणि वर काळे ढीग. अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी, एकेकीत साठेक टन, म्हणजे एका गाडीत साडेतीन हजार टनांच्या आसपास कोळसा! हे गणित मी शाळेत असतानाच केलं होतं. हा कोळसा पुढे नाशिकजवळ एकलहऱ्याला जातो आणि त्याची वीज होते, असं वडील सांगायचे. तो येतो कुठून, हा प्रश्न मात्र मला कधी पडलाच नाही.

त्याचं एक उत्तर मला प्रभाकर पाचपुते यांच्या चित्रांत सापडलं. पाचपुते यांचा जन्म १९८६ चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचा. सास्ती हे राजुरा तालुक्यातलं गाव, कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं. घरातली माणसं खाणकामात. पाचपुते खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात आणि नंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिल्पकला शिकले, आणि शिकून झाल्यावर कोळशाकडेच परत आले. कोळशाच्या कांडीने ते थेट भिंतीवर चित्रं काढू लागले. कधी कधी पूर्ण खोलीभर. प्रदर्शन संपलं की अशा भिंतीवर पुन्हा चुना फिरतो आणि चित्र जातं.

(केमिस्ट्रीवाल्यांसाठी खुलासा : चित्रकाराचा चारकोल हा लाकडी कोळसा, खाणीतला तो दगडी कोळसा. दोन्ही वेगळे. पण मराठीने दोघांना एकच शब्द दिलाय, आणि या चित्रांपुढे तो शब्द बरोबर वाटतो.)

या चित्रांतली माणसं विचित्र आहेत. धड माणसाचं, पण डोक्याच्या जागी भलतंच काही. कुणाला खाणीतला दिवा, कुणाला अवजार, कुणाला यंत्राचा तुकडा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमचा रूममेट म्हणाला, “हा तर एम-थ्रीचा पेपर देऊन आलेला तू!” हसून झालं. पण नंतर मला आमच्या एस-७ ची आठवण झाली. माणसाच्या जागी नंबर आणि माणसाच्या डोक्याच्या जागी दिवा, यात फार फरक नाही. खाणीच्या हिशेबात मजूर म्हणजे पाळी, टन आणि हजेरी. पाचपुते ते शब्दशः काढून दाखवतात, आणि कागदावर सहज पचणारी गोष्ट भिंतीवर आली की अंगावर येते.

खाणकामाच्या पुस्तकात एक शब्द आहे, ‘ओव्हरबर्डन’. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचण्याआधी वरची जी माती, मुरूम, दगड काढावे लागतात त्याला हा शब्द. एक टन कोळशामागे किती घनमीटर ओव्हरबर्डन उचलावं लागेल यावर खाण परवडते की नाही ते ठरतं. शब्दाचा अर्थ सरळ आहे : वरचं ओझं. पण त्या ‘ओझ्या’तला सगळ्यात वरचा थर म्हणजे कुणाचं तरी शेत! ज्याच्यावर चार पिढ्या जेवल्या ते आपल्या गणितात नको असलेलं वजन होतं. शब्द चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, गणिताला तो लागतोच. पण गणित करणाऱ्याला हेही दिसलं पाहिजे, आणि पाचपुते यांची चित्रं ते दाखवतात.

त्यांचं आणखी एक काम आपल्या जिल्ह्याच्या जवळचं आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत पोचला. त्यात वनजमिनीचा हक्क मागणारे आपल्या जिल्ह्यातले आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पाचपुते यांनी ‘रेझिलियंट बॉडीज इन द एरा ऑफ रेझिस्टन्स’ हे काम मांडलं, त्याच्या मुळाशी हा मोर्चा होता. मोर्चातल्या फाटलेल्या, सोललेल्या पायांचे फोटो आपण सगळ्यांनी पेपरात पाहिले होते. दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात वडे बांधून आले असतील. कलाकृतीने ती गोष्ट नऊ महिन्यांनंतर, हजारभर किलोमीटर दूर, नाशिक कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसांसमोर पुन्हा उभी केली.

पुढे २०२१ साली वेल्समधल्या कार्डिफ इथला ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार अंतिम फेरीतल्या सहाही कलाकारांना मिळून देण्यात आला, त्यात पाचपुते होते. वेल्स हा मुलूखही एकेकाळी कोळशाच्या खाणींवर जगलेला. सास्तीची गोष्ट तिकडच्या लोकांना समजावून सांगावी लागली नसणार! २०२२ च्या व्हेनिस बिएनालेतही त्यांचं काम होतं.

एक्स-रे वाचणारा चित्रकार

दुसरं उदाहरण सुधीर पटवर्धन यांचं. जन्म १९४९, पुण्याचा. शिक्षण पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये, म्हणजे पक्के डॉक्टर. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि त्याच तीस वर्षांत ते भारतातल्या महत्त्वाच्या चित्रकारांपैकी एक झाले. ‘आधी डिग्री घे, मग काय ते छंद कर’ असं घरी ऐकणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लिहून ठेवावं.

एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. हाड, फुफ्फुस, हृदय, सगळं एकाच सपाट फिल्मवर एकावर एक पडलेलं. कुठली छटा कशाची, कुठली नेहमीची आणि कुठली नको तिथे आलेली, हे वाचणारा ओळखतो. हजारो फिल्म पाहिल्यावरच ती नजर येते. पटवर्धनांची चित्रं पाहताना मला वाटतं की हीच नजर त्यांनी शहरावर लावली. त्यांच्या चित्रांत राजे, देव, अप्सरा नाहीत. लोकलमध्ये उभे असलेले लोक, इराण्याच्या हॉटेलात एकटा बसलेला माणूस, रस्त्याचं काम करणारे मजूर, ठाण्याच्या कडेला उगवलेल्या वसाहती. आपण ज्यांच्या खांद्याला खांदा लावून रोज प्रवास करतो आणि ज्यांचा चेहरा उतरल्यावर आठवत नाही, ती माणसं.

त्यांचं ‘लोअर परळ’ हे २००१ सालचं चित्र सिव्हिलच्या पोरांनी तर पाहावंच. गिरणगाव म्हणजे मुंबईचा कापड गिरण्यांचा भाग. १८ जानेवारी १९८२ ला तिथे संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि त्या जमिनींवर टॉवर आणि मॉल येऊ लागले. पटवर्धनांनी हा बदल घडत असताना पकडला. जुनं अजून गेलेलं नाही, नवं अजून पुरतं आलेलं नाही आणि मधल्या रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली आहेत. त्या जागेचा डेव्हलपमेंट प्लॅन काढला तर त्यात ‘पूर्वीचा वापर’ आणि ‘प्रस्तावित वापर’ असे दोन रंग दिसतील. या दोन रंगांच्या मधली वीस वर्षं प्लॅनवर दाखवायची सोयच नाही. ती चित्रात आहेत.

मला त्यांची आणखी एक गोष्ट आवडते. कामगारांची चित्रं काढायची आणि ती मुंबईच्या गॅलरीत श्रीमंतांनी विकत घ्यायची, यातला पेच त्यांनी टाळला नाही. २००८-०९ मध्ये त्यांनी समकालीन भारतीय कलेचं एक फिरतं प्रदर्शन जुळवलं आणि ते महाराष्ट्रातल्या मुंबईबाहेरच्या शहरांतून नेलं. ज्या गावात आर्ट गॅलरी नाही तिथल्या लोकांनाही मूळ चित्रापुढे उभं राहायला मिळावं, हा साधा हेतू. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं.

बुलेट आणि सीसीटीव्ही

ब्रश आणि कोळसा न वापरणारेही बरेच आहेत. दोनच उदाहरणं देतो, कारण ती आपल्या ब्रँचेसना पटतील.

मेकॅनिकलसाठी : तुषार जोग (१९६६-२०१८). मुंबईचे कलाकार. त्यांनी ‘युनिसेल’ नावाचं एक सरकारी खात्यासारखं वाटणारं, पण प्रत्यक्षात स्वतःचंच कलाकार्यालय काढलं आणि शहरातल्या अडचणींवर अर्धी गंभीर, अर्धी खोडकर उपकरणं डिझाइन केली. २०१० साली ते बुलेटवर बसून मुंबईहून शांघायला निघाले. बुलेटचं नाव ‘रोसिनांते’, म्हणजे डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्याचं! वाटेत सरदार सरोवर आणि चीनमधलं थ्री गॉर्जेस ही दोन धरणं आणि त्यांच्यामुळे विस्थापित झालेली माणसं हा त्या प्रवासाचा गाभा. मुंबईचं शांघाय करू, अशा घोषणा त्या काळात जोरात होत्या. जोग म्हणाले, बघू तरी, मधल्या रस्त्यात काय लागतं. त्यांचा हा प्रवास हीच कलाकृती होती.

ई अँड टीसी आणि कॉम्प्युटरसाठी : ‘कॅम्प’ नावाचा मुंबईतला गट. शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि सहकारी मिळून २००७ पासून काम करतात. २०२२ साली त्यांनी ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ हे सात पडद्यांवरचं व्हिडिओ-काम केलं. एका ३५ मजली इमारतीवर बसवलेला एकच सीसीटीव्ही कॅमेरा दुरून फिरवून ते चित्रित केलंय. कॅमेरा वरच्या काचेच्या टॉवरांपासून हळूहळू खाली झुकत जमिनीवरच्या पत्र्यांपर्यंत येतो. कॅमेरा तोच, जो पहाऱ्यासाठी असतो. फक्त तो कोणाकडे आणि कशासाठी वळवायचा, हे बदललं. याच मंडळींच्या पुढाकाराने २००८ पासून ‘पॅड.मा’ हा व्हिडिओंचा खुला संग्रहही उभा राहिला. त्यात फुटेजच्या सेकंदा-सेकंदाला टिपणं जोडता येतात. ही कला म्हणायची की डेटाबेस? दोन्ही म्हटलं तरी चालेल.

मग याला संशोधन म्हणायचं का?

इथे आपले सर लोक भुवया उंचावणार, आणि ते योग्यच आहे. संशोधनाला मोजमाप लागतं. दुसऱ्याने तोच प्रयोग केला तर तेच उत्तर यावं लागतं. पाचपुते यांच्या भिंतीवरून दुसरा कोणी तेच चित्र ‘व्हेरिफाय’ करू शकत नाही. एका चित्रावरून किती कुटुंबं उठली, हा आकडा निघत नाही. तो हवा असेल तर घरोघर जाऊन मोजावंच लागेल.

पण संशोधन मोजण्यापासून सुरू होत नाही. ते ‘काय मोजायचं’ हे ठरवण्यापासून सुरू होतं. फॉर्ममध्ये जो कॉलम नाही त्याचा डेटा कधीच गोळा होत नाही. आमच्या शीटवर ‘विहिरीकडे जाणारी पायवाट’ हा लेयरच नव्हता, त्यामुळे ती पायवाट आमच्यासाठी अस्तित्वातच नव्हती. कॉलम कुठला राहिला हे दाखवणं, हे मला समकालीन कलेचं संशोधनातलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

कधी कधी तर कला थेट पुराव्यापर्यंत जाते. लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये एयाल वाइझमन यांनी २०१० साली ‘फोरेन्सिक आर्किटेक्चर’ हा गट सुरू केला. आर्किटेक्ट, फिल्मवाले, प्रोग्रामर, वकील एकत्र बसतात. एखाद्या हल्ल्याचे लोकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ, सावल्यांची लांबी, धुराचा आकार, इमारतींचे थ्री-डी मॉडेल यांची जुळवाजुळव करून नेमकं काय घडलं ते ते मांडतात. त्यांचं काम न्यायालयांपुढेही गेलंय आणि कलादालनांतही. २०१८ साली ब्रिटनच्या टर्नर प्राइझ या मोठ्या कलापुरस्काराच्या अंतिम यादीत ते होते. सावलीच्या लांबीवरून वेळ काढणं आपण सर्व्हेइंगमध्ये शिकतोच. फक्त ते असंही वापरता येतं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे कायदाही याच दिशेने थोडा सरकलाय. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात जमीन घेण्याआधी ‘सामाजिक परिणाम मूल्यांकन’ करण्याची तरतूद आली. काही प्रकल्पांना त्यातून सूट मिळते, हा भाग वेगळा. पण प्रकल्पामुळे कोणाचं काय जाणार हे आधी विचारायचं, हे निदान कागदावर आलं. आजींचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात पोचला म्हणायचा. तो आपल्या शीटवर यायचा मात्र बाकी आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हा लेख म्हणजे निव्वळ आरती होईल. समकालीन कलेत भंपकपणा भरपूर आहे. कामाशेजारी लावलेलं इंग्रजी टिपण वाचलं तर थर्मोडायनॅमिक्स सोपं वाटावं, असंही होतं. गरिबीचं चित्र लाखोंना विकलं जातं आणि गरीब तिथेच राहतो. दोन दिवस गावात राहून ‘गावाचं दुःख’ मांडणारेही असतात. म्हणून एक कसोटी मी माझ्यापुरती ठरवली आहे : हा माणूस तिथे किती काळ राहिला? पाचपुते सास्तीतच वाढले. पटवर्धनांनी तीस वर्षं ठाण्यात पेशंट पाहिले. आम्ही त्या वस्तीवर दहा दिवस होतो.

ट्रेसिंग पेपर

शेवटी काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही.

परीक्षा संपल्यावर सुट्टीत घरी गेलो तेव्हा एक दिवस सायकल काढून त्या वस्तीवर गेलो. आमच्याच शीटवर ट्रेसिंग पेपर ठेवला, स्केल तेच १:१०००, आणि शीटवर जे नव्हतं ते काढत गेलो. एस-७ च्या जागी आजींचं नाव. विहिरीची पायवाट. दुपारी कोणत्या झाडाखाली सगळे बसतात ते झाड. म्हसोबाचा दगड. कोणाच्या दारात पाण्याचे किती ड्रम. माझ्या लहानपणी आमच्या मनमाडच्या गल्लीत नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं तेव्हा प्रत्येक दारात निळ्या ड्रमांची रांग असायची. त्या रांगेवरून घरात माणसं किती हे ओळखू यायचं. ड्रम मोजायची सवय तिथलीच. मालगाडीच्या डब्यांसारखी.

काढून झाल्यावर कागद आजींपुढे धरला. या वेळी त्यांना घर दाखवावं लागलं नाही. त्यांनीच बोट ठेवलं. मग बोट थोडं सरकवून म्हणाल्या, “लिंब हिकडं नाही रे, हिरीच्या पल्याड हाय.” मागे वळून पाहिलं, तर खरंच पलीकडे होता. टोटल स्टेशनने मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या आम्ही आठ जणांनी अख्खं कडुलिंबाचं झाड चुकीच्या बाजूला टाकलं होतं, आणि ते ना एक्स्टर्नलना कळलं ना आम्हाला!

तो ट्रेसिंग पेपर मी कॉलेजमध्ये सरांना दाखवला. सरांनी चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, “याला मार्क कुठल्या कॉलमात देऊ?” मी म्हणालो, कॉलम नाहीये सर. सर काही बोलले नाहीत. पण परवा नव्या बॅचच्या कॅम्पची सूचना बोर्डावर लागली, त्यात साहित्याच्या यादीत शेवटी ‘ट्रेसिंग पेपर, प्रत्येकी एक’ असं लिहिलेलं मी पाहिलं.

मी काढलं ती कला नव्हे, याबद्दल माझी इंटरमिजिएटची ‘सी’ ग्रेड साक्षीला आहे. पण ते काढायचं सुचलं ते चित्रं पाहिल्यामुळेच. आणि हो, ही चित्रं मी बहुतेक छापील आणि पडद्यावरच पाहिली आहेत. कोळशाची भिंत समोर उभी असताना कशी वाटते ते मला अजून पाहायचंय. तुम्ही कधी मुंबईला गेलात तर सीएसएमटीवरून चालत काळा घोड्याला जा. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही. आत जे लागलं असेल ते आवडेलच असं नाही. पण एखाद्या चित्रापुढे पाच मिनिटं उभे राहा आणि ते कशाकडे बोट दाखवतंय तेवढं विचारा.

आणि परत येताना मनमाडला गाडी थांबली, शेजारच्या रुळावर कोळशाची मालगाडी उभी दिसली, तर डबे जरूर मोजा. फक्त तेवढ्यावर थांबू नका.